वगळलेला तुकडा

मुख्य कार्यालयात तिला सगळे मागून 'मोजपट्टी' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. पर्समध्ये रुमाल नसला तरी चालेल पण पोलादी पट्टी हवीच, असा तिचा खाक्या. गव्हाच्या पेरणीत दोन बोटांचा फरक म्हणजे पीक येणं आणि न येणं यातला फरक, हे तिनं बारा वर्षं पाहिलं होतं. त्यामुळे रेताड जमिनीवरचं ते आडबाजूचं पेरणी केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा वरच्यांनी तिलाच धाडलं. एक हंगाम राहा, तीन पद्धतींनी पेरून बघ आणि काय ते लिहून दे, एवढंच सांगितलं.

केंद्र म्हणजे एक बैठी इमारत. एका खोलीत ऑफिस, दुसरीत बियाणं, तिसरीत तिची खाट. खिडक्या लावून घेतल्या तरी रेती आत यायची. सकाळी झाडून काढावं तर दुपारी टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी पुन्हा साचलेली. चहाचा शेवटचा घोट ती कधी प्यायचीच नाही. इमारतीमागे प्रयोगाचे तुकडे होते, प्रत्येकावर लोखंडी पाटी आणि पाटीवर आकडा. जुने साहेब तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांच्यानंतर नेमलेला माणूस वर्षातून दोनदा सह्या करायला यायचा. खरं केंद्र चालवत होती दोनच माणसं, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि त्याची वहिनी. वहिनीला सगळे मावशी म्हणत.

मावशी पन्नाशीच्या पुढची, काटक, कमी बोलणारी. तिचं काम बी सोडायचं. ट्रॅक्टरच्या मागे एक फाळ, फाळामागे लोखंडी नळी आणि नळीच्या तोंडाशी वाडग्यासारखं लाकडी चाडं. ट्रॅक्टर माणसाच्या पावलानं चालायचा, मावशी मागून चालत मुठीतले दाणे चाड्यात सोडायची आणि दाणे नळीतून सरळ जमिनीत उतरायचे. कार्यालयातून आलेल्या बाईनं पहिल्याच दिवशी एक ओळ उकरून दाण्यांतली अंतरं मोजली. मग दुसरी ओळ उकरली. मग उठली आणि म्हणाली की कार्यालयातलं यंत्र इतकं सारखं पेरत नाही. मावशीनं नुसती मान हलवली.

पेरणीची गोम साधी होती. अशा जमिनीत वरची वीतभर रेती कोरडी ठणठणीत असते, ओल त्याच्या खाली. बी वर फोकलं तर ते मुंग्या तरी नेतात नाहीतर वारा. नेहमीच्या खोलीवर पेरलं तर अर्धं उगवतं, अर्धं वाट बघत मरतं. आणि ओलीपर्यंत नुसतं खोल गाडलं तर कोंबाची तेवढी लांबी नसते, तो रेतीतच पिवळा पडून वळतो. तिसरी पद्धत म्हणजे आधी कोरडी रेती दोन्ही बाजूंना लोटून खोल सरी पाडायची आणि सरीच्या तळाशी, ओलीत, बी सोडून वर फक्त तीन बोटं माती घ्यायची. सऱ्या वाऱ्याला आडव्या ठेवल्या की वरंबा रोपांना आडोसा देतो. शेवटी ओळीवरून पाय दाबत चालायचं, म्हणजे दाणा आणि ओली रेती एकमेकांना चिकटतात. बाईनं फोकणी, नेहमीची खोली आणि खोल सरी या तिन्ही पद्धतींना सारखेच तुकडे दिले.

नकाशावर सात नंबरच्या तुकड्यात एक लहान आयत आखलेला होता, दहा पावलं लांब, चार पावलं रुंद. त्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वगळलेला'. बाईनं विचारलं, तर ड्रायव्हरनं इंजिनात डोकं घातलं आणि तिथली जमीन बरोबर नाही असं काहीसं पुटपुटला. मग तिथं पेरायचं नाही ना, असं तिनं विचारल्यावर मावशीच म्हणाली, "तिथं मी पेरते. दरवर्षी. ट्रॅक्टर नको."

आणि तिनं खरोखर तो आयत एकटीनं पेरला. कुदळीनं सरी ओढली, गुडघ्यावर बसून एकेक दाणा ठेवला, हातानं माती सारली. पेरताना ती हलक्या आवाजात बोलत होती. बाई बांधावर उभी होती. पुटपुटणं असेल, असं तिला आधी वाटलं. पण मावशी मध्येच थांबायची, ऐकल्यासारखी, आणि मग पुढचं बोलायची.

बाराव्या दिवशी उगवण मोजायला सुरुवात झाली. हे काम बाई कुणाला देत नसे. जमिनीवर मीटरभराची काठी ठेवायची, काठीलगतची रोपं मोजायची, वहीत लिहायचं, दहा पावलं पुढं जायचं. भर दुपारी उन्हात वरंब्यांच्या सावल्या पार आक्रसून जात आणि रान इतकं गप्प होई की स्वतःचा श्वास मोठा वाटे. तिसऱ्या दुपारी ती सात नंबरमध्ये होती. काठी ठेवली, वाकली, आणि मोजायच्या आधीच कुणीतरी म्हणालं, "एकतीस."

आवाज बाईमाणसाचा होता, तरुण, कामात असलेला. तिनं मान वर केली. मावशी लांब बियाण्याच्या खोलीच्या दारात पाठमोरी बसली होती. बाकी चिटपाखरू नव्हतं. बाईनं रोपं मोजली. एकतीस निघाली. ऊन लागलं असेल असं म्हणून ती सावलीत जाऊन पाणी प्यायली आणि तासाभरानं परत आली. पुढच्या काठीला 'सव्वीस' ऐकू आलं. सव्वीसच निघाली. त्यापुढच्या काठीला तिनं मोजलंच नाही. सरळ ऑफिसात आली आणि दार लावलं. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, आणि याच गोष्टीचा आता काही उपयोग होत नव्हता.

दीड महिन्यात फरक नजरेला दिसू लागला. फोकलेल्या तुकड्यात रोपं विरळ, केस गळलेल्या डोक्यासारखी. खोल सरीतली दुप्पट दाट. पण त्या वगळलेल्या आयतात गहू नुसता माजला होता. काळपट हिरवा, बाकीच्यांच्या दुप्पट उंच, आणि चारी कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. दुरून बघितलं तर रानात कुणीतरी हिरवी चादर अंथरली आहे असं वाटायचं. बाईनं तिथं लोखंडी सळी खुपसून माती काढली. इतरत्र चार हात खाली गेल्यावर लागणारी चिकणमाती इथं वरपर्यंत रेतीत मिसळलेली होती. ही जागा कधीतरी खोल खणून पुन्हा बुजवली होती, आणि त्या मिसळणीनंच ओल धरून ठेवली होती. तिला एकदम हुरूप आला. बारा वर्षं जे शोधत होती ते पायाखाली सापडल्यासारखं झालं.

कुणी, कधी, कशाला खणलं हे जुन्या वह्यांत असणार म्हणून तिनं कपाट उघडलं. वह्या नीट लावून ठेवल्या होत्या. जुन्या साहेबांचं अक्षर किरटं, डावीकडे कललेलं. पण रोपांच्या मोजणीची पानं वेगळ्याच अक्षरात होती, गोल, मोकळं, शाळेत बक्षीस मिळावं असं. प्रत्येक आकड्यापुढे बारीकसा ठिपका, मोजून झालं म्हणून. इतकी चोख मोजणी तिनं कुठे पाहिली नव्हती. खणल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती. आठ वर्षांपूर्वीच्या वहीत एवढीच ओळ होती, साहेबांच्या हातची: 'मोजणीवाली काम सोडून गेली.'

दुसऱ्या दिवशी तिनं ड्रायव्हरला विचारलं की ही मोजणारी मुलगी कोण, बोलावली तर येईल का. ड्रायव्हर फडक्यानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, "ती वहिनीची मुलगी. माझी पुतणी."

"कुठे असते?"

"नाही ती. आठ वर्षं झाली."

बाई आत गेली आणि वह्या पुन्हा काढल्या. सात वर्षांपूर्वीची, सहा वर्षांपूर्वीची, पाच वर्षांपूर्वीची. ते गोल अक्षर सगळ्यांत होतं. साहेब निवृत्त झाले त्या वर्षाच्या शेवटच्या पानापर्यंत ती मुलगी रोपं मोजत होती, आणि प्रत्येक आकड्यापुढे ठिपका होता. बाईनं वही मिटली.

मावशी संध्याकाळपर्यंत आपण होऊन आली. दिरानं सांगितलं असावं. ती खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्यातच टेकली, आणि जे सांगायचं ते सांगितलं. मुलगी बावीस वर्षांची होती. बाप लवकर गेलेला, त्यामुळे दोघीच. आकड्यांचं तिला भारी वेड. गव्हाची मुळं रेतीत किती खोल जातात हे बघायची साहेबांना हौस, म्हणून सात नंबरमध्ये त्यांनी डोक्याच्या वर जाईल इतका खोल खड्डा खणवला. रेती ओली असते तोवर भिंतीसारखी उभी राहते, वाळली की धरत नाही. फळ्या लावायला हव्या होत्या. साहेब उद्या लावू म्हणाले. त्या दुपारी मुलगी खाली उतरून मुळं मोजत होती, साहेब काठावर उभे राहून लिहून घेत होते.

"मी शंभर पावलांवर होते," मावशी म्हणाली. "बी निवडत बसले होते. मला काही ऐकू आलं नाही, बाई. रेती पडते तेव्हा आवाज होत नाही."

हातांनी उकरून तिला बाहेर काढलं तोवर उशीर झाला होता. साहेब त्याच दिवशी घरी आले, आत न येता दाराशीच उभे राहिले. खड्ड्याचं लिहिलं तर केंद्र बंद होईल, दिराची नोकरी जाईल, असं काहीतरी म्हणाले. गावात ती घरीच आजारी पडून गेली असं सांगायचं आणि वहीत काम सोडून गेली असं लिहायचं ठरलं. मावशीला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. हो म्हटलं असेल मी, ती म्हणाली. खड्डा निघालेल्या मातीनंच बुजवला. पुढच्या वर्षी तिथं दुसरं कुणी पेरायला लागलं, तेव्हा मात्र तिनं त्याच्या हातातून चाडं काढून घेतलं.

बाईनं तिला आकड्यांच्या आवाजाचं विचारलं नाही. मावशीच जाता जाता म्हणाली की तुम्ही त्या दिवशी मोजणी अर्धी टाकून आलात, ते मी बघितलं.

जुने साहेब शहरात एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटे राहत. बाई बसनं गेली. जिना अरुंद होता, खालून शिलाई यंत्राची घरघर वर येत होती. साहेबांनी एकुलती एक खुर्ची तिला दिली आणि आपण पलंगावर बसले. चहाचं विचारलं, मग दूध संपल्याचं आठवून ओशाळले. बाईनं दोन वह्या त्यांच्या पुढ्यात उघडल्या, एक मुलगी असतानाची, एक नंतरची. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"ही नंतरची मी लिहिली," ते म्हणाले. "पहिल्यांदा मुद्दाम. मोजणीवाली गेली म्हणून लिहिलं होतं खरं, पण हंगामाच्या मध्येच अक्षर बदललं तर कुणीतरी तारीख विचारील, असं वाटलं. पुढच्या वर्षी माझ्या अक्षरात लिहायला बसलो. नाही आलं. आकडा लिहायचा म्हटलं की हात तसाच वळायचा."

"आकडे खरे आहेत?" बाईनं विचारलं, आणि विचारताक्षणी तिला स्वतःची लाज वाटली. एवढं ऐकून पहिल्यांदा हे सुचावं.

साहेबांना मात्र त्यात वावगं वाटलं नाही. "सगळे खरे. एकेक रोप मोजलंय. म्हणजे, मोजायला वाकायचो तेव्हा किती निघणार ते आधीच कळलेलं असायचं." ते थांबले. खालचं यंत्रही नेमकं तेव्हाच थांबलं. "तुम्ही तिथं दुपारच्या जाता का?"

बाईनं वह्या गोळा केल्या. मी सकाळी जाते, असं खोटंच सांगितलं आणि उठली. जिना उतरताना तिनं कठडा घट्ट धरला होता.

गहू कापला, तोलला. खोल सरीतलं पीक फोकलेल्याच्या दुप्पट भरलं, आणि तो आयत खोल सरीच्याही दुप्पट. अहवाल असा लिहिता आला असता की कुणी तिची पाठ थोपटली असती. खोल सरी पाडा, शक्य तिथे खालची चिकणमाती वर आणून मिसळा. एवढ्या दोन वाक्यांत केंद्रही वाचलं असतं. पण मिसळलेली माती तिथं आली कुठून, हा प्रश्न वरून येणारच होता, आणि त्याचं एकच खरं उत्तर होतं. तिनं ते दोघांना सांगितलं. ड्रायव्हरला पटलं नाही. आठ वर्षांनी उकरून कुणाचं भलं होणार आहे, वहिनीला पुन्हा सगळं सोसावं लागेल, असं तो कितीतरी वेळ सांगत राहिला. त्याच्या बोलण्यात स्वतःच्या नोकरीची काळजी होती तशी वहिनीचीही होती.

मावशीनं मोजणीच्या वह्या बघायला मागितल्या. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यातलं तिचं कुठवर आणि त्यांचं कुठून?"

बाईनं तारीख बघून दाखवलं. तारीख झाकली असती तर तिलाही सांगता आलं नसतं. मावशी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बघत बसली. नंतर वही मिटून म्हणाली, "लिहा. तिचं पूर्ण नाव घालून लिहा. ती काम सोडून गेली नव्हती."

महिन्याभरानं चौकशीला दोन अधिकारी आले. सात नंबरच्या बांधावर घडीचं टेबल मांडलं. गहू कापून झाला होता, आयतातली धसकटं तेवढी जाड उभी होती. जुन्या साहेबांना बोलावलं नव्हतं, लेखी जबाब पाठवा एवढंच कळवलं होतं. ते दुपारच्या बसनं स्वतः आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी. सगळं कबूल केलं. फळ्या बियाण्याच्या खोलीतच होत्या, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. लहान अधिकारी लिहून घेत होता, त्याला मध्ये दोनदा पेन खाली ठेवावं लागलं. मावशीनं आपली जबानी उभ्यानंच दिली. आवाज अजिबात हलला नाही. शेवटी मोठ्या अधिकाऱ्यानं विचारलं की आणखी काही सांगायचं आहे का.

"सांगायचं नाही," मावशी म्हणाली. "विचारायचं आहे." ती साहेबांकडे वळली. आठ वर्षांत ती त्यांच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलली नव्हती. "शेवटी ती काय म्हणाली? तुम्ही एकटेच होता."

साहेबांनी पिशवी खाली ठेवली. "ती खालून आकडे सांगत होती, मी लिहीत होतो. चार फूट दोन इंच म्हणाली. मी लिहिलं. मग म्हणाली, 'अजून खाली गेलंय, साहेब, थांबा.' मी थांबलो."

टेबलावरचे कागद वाऱ्यानं फडफडले, ते बाईनं हातानं दाबून धरले.

"घाबरलेली नव्हती?" मावशीनं विचारलं.

"नाही. खुशीत होती. इतकं खोल मूळ तिनं आधी पाहिलं नव्हतं."

मावशीनं मान हलवली. डोळ्यांना पदर लावला, तोंडावरून फिरवला आणि ती इमारतीकडे चालू लागली. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन परत आली. आधी अधिकाऱ्यांना दिलं, मग साहेबांनाही. ते तसेच तांब्या धरून उभे राहिले, आणि ते पिऊन होईपर्यंत मावशी समोरून हलली नाही.

साहेबांवर रीतसर ठपका आला. मुलीच्या नावापुढची ती ओळ खोडून खरं कारण लिहिलं गेलं, आणि त्या कागदाची एक प्रत मावशीला मिळाली. केंद्र चालू राहिलं, ड्रायव्हरची नोकरीही. पुढच्या वर्षी दोन तुकड्यांत चिकणमाती मिसळायची ठरली. खणायच्या आधी बाई स्वतः फळ्या मोजून घेई, आणि कुणी कुरकुर केली तर काम थांबवी.

मावशी त्या पेरणीला आली नाही. धाकट्या बहिणीकडे राहायला जाते, म्हणाली. कशासाठी, हे तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. जायच्या आधी तिनं बाईला सरीत बी सोडायला शिकवलं. मूठ किती आवळायची आणि अंगठ्यानं दाणा कसा ढकलायचा हे दाखवत दोघी सकाळभर रिकाम्या रानात मागेपुढे चालल्या. बाईचे दाणे कुठे दाट पडत, कुठे विरळ. मावशीनं तिला हसून सांगितलं की डोळे मिटा, बघत राहिलात की हात चुकतो.

पेरणीनंतर पंधरा दिवसांनी तिचं पत्र आलं, भाचीकडून लिहवून घेतलेलं. ख्यालीखुशाली दोन ओळींत उरकली होती. खाली एकच प्रश्न होता, नव्या तुकड्यांत काठीला किती निघाली. बाईनं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. दोन्ही तुकड्यांच्या सगळ्या ओळी, एकामागून एक. पत्र पाच पानांचं झालं.